कंसातल्या आकड्यामागचा पत्ता

वैद्यकीय नियतकालिकातला कोणताही शोधनिबंध उघडला, तर त्यातल्या वाक्यांच्या शेवटी, कधी कंसात तर कधी ओळीच्या किंचित वर चढवलेले, बारीक आकडे दिसतात आणि निबंध संपल्यावर त्याच आकड्यांच्या क्रमाने लावलेली, नावांनी, संक्षेपांनी आणि विरामचिन्हांनी गच्च भरलेली एक यादी येते. मजकुरातल्या आकड्याला संदर्भनिर्देश आणि शेवटच्या यादीला संदर्भसूची म्हणतात. सामान्य वाचक ही यादी ओलांडून जातो, बरेचसे डॉक्टरही ओलांडून जातात, मात्र एम.डी. किंवा एम.एस.च्या प्रबंधातून आपला पहिला निबंध काढून तो एखाद्या नियतकालिकाकडे पाठवू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरचे सर्वाधिक हाल याच भागात होतात, कारण पूर्णविराम कोठे, अर्धविराम कोठे, लेखकांची नावे किती लिहायची, पृष्ठांचे आकडे पूर्ण द्यायचे की तोडून, असल्या गोष्टींवरून सगळे हस्तलिखित दुरुस्तीसाठी परत येऊ शकते. हा काटेकोरपणा कारकुनी हट्टासारखा वाटतो आणि काही अंशी तो तसा आहेही. तरीही रुग्णाला कोणते औषध किती मात्रेत द्यावे हे ज्या वाक्यावरून ठरणार, त्या वाक्याला आधार कोणाचा आहे हे वाचकाला स्वतः जाऊन पाहता यावे, यासाठीच ही यादी असते. आणि पत्ता जसा पोस्टमनच्या सोयीने लिहावा लागतो, तशी ती लिहिणाऱ्याच्या नव्हे, शोधणाऱ्याच्या सोयीने लिहावी लागते.

या पत्त्याची रचना महाराष्ट्रातल्याच एका निबंधावरून चांगली समजते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदय व रक्ताभिसरण यांवर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरण्याविषयीचा मजकूर १९८६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. वैद्यकीय नियतकालिकांत प्रचलित असलेल्या 'व्हँकूव्हर' पद्धतीने त्याचा संदर्भ लिहिला आणि इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी घातली, तर तो असा दिसेल: बावसकर एचएस, बावसकर पीएच. प्राझोसिन इन मॅनेजमेंट ऑफ कार्डिओव्हॅस्क्युलर मॅनिफेस्टेशन्स ऑफ स्कॉर्पियन स्टिंग. लॅन्सेट. १९८६;१(८४७९):५१०-१. यात आडनाव आधी येते, त्याच्यामागे आद्याक्षरे येतात, पण आडनाव आणि आद्याक्षरे यांच्यामध्ये स्वल्पविराम नाही आणि आद्याक्षरांमध्ये टिंबेही नाहीत, कारण स्वल्पविराम हा एक लेखक संपून दुसरा सुरू झाल्याची खूण म्हणून राखून ठेवलेला आहे. पहिला पूर्णविराम लेखकांची नावे संपल्याचे सांगतो, दुसरा शीर्षक संपल्याचे, तिसरा नियतकालिकाचे नाव संपल्याचे. त्यानंतर वर्ष, अर्धविरामापुढे खंड, कंसात अंक आणि अपूर्णविरामापुढे पृष्ठे येतात. शेवटचे '५१०-१' म्हणजे ५१० ते ५११, कारण न बदललेले अंक पुन्हा लिहायचे नाहीत असा नियम आहे. शीर्षकाला अवतरणचिन्हे नाहीत, वर्षानंतर मोकळी जागा नाही. हा संदर्भ टंकयंत्रावर किंवा पत्रिकेवर कमीत कमी जागेत मावावा आणि तरीही प्रत्येक तुकडा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा, अशी ही काटकसर आहे.

याच संदर्भातला खंडाचा '१' हा आकडा लक्ष देण्याजोगा आहे. त्या काळी 'लॅन्सेट' वर्षाला दोन खंड काढत असे आणि दर जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून मोजत असे. पुढे सर्व खंडांना सलग क्रमांक देण्याची पद्धत आली आणि त्या मोजणीने १९८६ चा पहिला खंड ३२७ वा ठरला. परिणामी हाच मजकूर काही सूच्यांत खंड १ मध्ये आणि काहींत खंड ३२७ मध्ये सापडतो आणि दोन्ही नोंदी बरोबर असतात. अशा वेळी ८४७९ हा अंकाचा क्रमांक आणि ५१० हे पृष्ठ दोन नोंदींची ओळख पटवतात. घराचा नंबर बदलला तरी गल्ली आणि खूण ठीक असेल तर पत्र पोचते, तसेच हे आहे. संदर्भात एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगितलेली दिसते ती याच कारणाने, आणि म्हणून कंसातला अंक 'अनावश्यक' म्हणून गाळणाऱ्या लेखकाला अनुभवी संपादक तो पुन्हा घालायला लावतो.

नियतकालिकाच्या नावाचा संक्षेप लेखकाने मनाने करायचा नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने प्रत्येक नियतकालिकासाठी ठरवून दिलेला संक्षेपच वापरायचा असतो, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' तेथे 'जे पोस्टग्रॅड मेड' होते, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' हे 'इंडियन जे मेड रेस' होते, आणि 'लॅन्सेट'सारखे एकाच शब्दाचे नाव मात्र जसेच्या तसे राहते. लेखकांची संख्या फार असेल तर सगळी नावे द्यायची की पहिल्या काहींनंतर 'आणि इतर' या अर्थाचा 'एट अल' हा लॅटिन संक्षेप लावायचा, यावर नियतकालिकांचे एकमत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेनुसार सहापर्यंत सर्व नावे लिहायची आणि त्याहून अधिक असल्यास पहिली तीन देऊन थांबायचे, तर इतर अनेक ठिकाणी पहिली सहा देऊन थांबतात. भारतीय नावांची या पद्धतीत कधीकधी ओढाताण होते. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने चालणारे मराठी नाव तीत सहज बसते, पण ज्या तमिळ नावात आडनावच नसते आणि आधीचे आद्याक्षर वडिलांचे असते, त्याचे 'आडनाव' कोणते हे सूची करणारा अंदाजाने ठरवतो. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर विभागले जाते. २०१२ पासून संशोधकांना मिळू लागलेला 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळखक्रमांक याच गोंधळावरचा उपाय आहे.

पुस्तकाच्या संदर्भात आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक आणि वर्ष यांची भर पडते, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठे बदलतात. ज्ञानेश्वरीचा दाखला देणारा मराठी अभ्यासक अध्याय आणि ओवी यांचे क्रमांक देतो, आयुर्वेदाचा अभ्यासक चरकसंहितेतले स्थान, अध्याय आणि श्लोक सांगतो, आणि मग थोडाफार पाठभेद सोडला तर प्रत कोणत्याही छापखान्यातली असली तरी वाचक त्याच जागी पोचतो. पृष्ठक्रमांकाला ही सोय नाही. तो ग्रंथाचा नसून विशिष्ट छपाईचा असतो. गेल्या काही दशकांत नियतकालिके संगणकावर आली, तेव्हा ओवीच्या क्रमांकासारखी, म्हणजे जागा बदलली तरी न बदलणारी, खूण पुन्हा लागली आणि 'डीओआय' हा कायमचा क्रमांक प्रचारात आला. तो नेहमी १० या आकड्याने सुरू होतो, त्यापुढे तो क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेचा संकेत आणि तिरप्या रेघेनंतर निबंधाचा स्वतःचा संकेत असतो, आणि प्रकाशकाने आपले संकेतस्थळ बदलले तरी हा क्रमांक वाचकाला नव्या जागी नेऊन सोडतो, मात्र त्यासाठी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवावी लागते. विद्वत्प्रकाशनांसाठी हे काम 'क्रॉसरेफ' ही संस्था २००० पासून पाहते.

मजकुरात आकडा लिहावा की लेखकाचे नाव आणि वर्ष लिहावे, हा वाद जुना आहे. नाव आणि वर्ष कंसात घालण्याच्या पद्धतीचा उगम सामान्यतः हार्वर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या, गोगलगायीच्याच जातीतल्या पण शंख नसलेल्या एका प्राण्यावरील निबंधात दाखवला जातो, आणि म्हणूनच ती 'हार्वर्ड' पद्धत म्हणून ओळखली जाते. जाणकार वाचकाला तीत फायदा असतो, कारण नाव आणि वर्ष पाहताच दावा कोणाचा आणि किती जुना हे त्याला पान न उलटता कळते. आकड्यांच्या पद्धतीत तसे काही कळत नाही, पण वाक्य तुटत नाही आणि जागा वाचते. एकाच वाक्याला सहा-सात निबंधांचा आधार असणे वैद्यकात नित्याचे असल्यामुळे तेथे आकडेच टिकले. या पद्धतीची खोड अशी की संदर्भांना मजकुरात ते प्रथम ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने आकडे द्यायचे असल्यामुळे, दुसऱ्या परिच्छेदात एक नवा संदर्भ घातला की त्यापुढचे सगळे आकडे बदलतात. संगणकपूर्व काळात हे काम टंकलेखकाच्या गळ्यात पडे.

त्याच टंकयंत्राच्या काळातून 'व्हँकूव्हर' हे नाव आले. एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवायचा तर तेथले संदर्भांचे नियम वेगळे, म्हणून सगळी सूची नव्याने टंकित करावी लागे. मजकुरातले एक अक्षरही बदललेले नसताना दिवस वाया जात. जानेवारी १९७८ मध्ये इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एकत्र बसून हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवले. 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'चे एडवर्ड ह्यूथ आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे स्टीफन लॉक हे त्यामागच्या प्रमुख व्यक्तींपैकी होते. ते नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या गटाची पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली आणि २०१३ मध्ये त्या नियमावलीला शिफारशींचे नाव मिळाले. संदर्भांचे प्रत्यक्ष नमुने मात्र समितीने स्वतः घडवले नाहीत; ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाकडून आले, आणि तेथे त्यांना मोठी पूर्वपरंपरा होती. या ग्रंथालयाचे मूळ म्हणजे अमेरिकी लष्कराच्या सर्जन-जनरलचे ग्रंथसंग्रहालय. तेथल्या जॉन शॉ बिलिंग्ज यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने १८७९ मध्ये जगातल्या ताज्या वैद्यकीय लेखांची 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची सुरू केली. छापील रूपात ती २००४ अखेर थांबली, पण तिचे काम १९९६ पासून 'पबमेड' या संगणकीय सूचीतून सर्वांना दिसू लागले असून आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. वैद्यकीय संदर्भाचा आकार असा आहे तो या सूचीत शोध घेता यावा म्हणून. संदर्भसूची ही जणू त्या महासूचीतून उचललेली मूठभर पाने असते.

एकरूपतेसाठी केलेला हा खटाटोप पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. कोणी आकडा गोल कंसात मागते, कोणी चौकटी कंसात, कोणी ओळीच्या वर. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत तो वर चढवलेला आकडा पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांच्या नंतर, पण अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी येतो, आणि या भेदाचे शास्त्रीय कारण कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. संशोधकांच्या एका पाहणीत, जी २०१९ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध झाली, हस्तलिखिताची केवळ मांडणी करण्यात दर माणशी वर्षाला ५२ तास जातात असे आढळले. त्यात तक्ते आणि आकृत्याही आल्या, पण संदर्भांचा वाटा लहान नसणार. काही नियतकालिकांनी आता शहाणपणा दाखवून पहिल्या सादरीकरणाला कोणतीही सुसंगत पद्धत चालेल, नियमांचे रूप निबंध स्वीकारल्यानंतर द्यावे, असे धोरण ठेवले आहे. शिवाय 'एंडनोट', २००६ मध्ये आलेले विनामूल्य 'झोटेरो' आणि 'मेंडेली' यांसारखी सॉफ्टवेअरे मजकुरातले आकडे आपोआप पुन्हा क्रमाने लावतात आणि एका कळीसरशी सूचीचा साचा बदलतात. त्यांच्यावर विसंबून चालत नाही ते एवढ्यासाठी की ती आत भरलेलेच बाहेर काढतात: आत शीर्षक मोठ्या अक्षरांत आले असेल, लेखकाचे पहिले नाव आडनावाच्या रकान्यात पडले असेल, तर ती चूक तितक्याच सुबकपणे छापून येते.

रकाना चुकल्याने काय होते याचे वैद्यकाच्या इतिहासातले सर्वांत गमतीदार उदाहरण सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीचे आहे. प्राग शहरातले रोगनिदानशास्त्रज्ञ यारोस्लाव ह्लावा यांनी १८८७ मध्ये एका चेक नियतकालिकात आमांशावर निबंध लिहिला आणि त्याचे शीर्षक 'ओ उप्लाविची' असे दिले, ज्याचा चेक भाषेतला अर्थ 'आमांशाविषयी' एवढाच होतो. जर्मन नियतकालिकात त्या निबंधाचा गोषवारा आला तेव्हा शीर्षकालाच लेखकाचे नाव समजले गेले, आणि तेथून पुढे 'ओ. उप्लाविची' नावाच्या एका संशोधकाचा हवाला जगभरच्या ग्रंथांत दिला जाऊ लागला. मराठी निबंधाच्या 'आमांशाविषयी' या शीर्षकावरून 'डॉ. आ. विषयी' नावाचे गृहस्थ जन्माला यावेत, तसा हा प्रकार होता. आदिजीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी १९३८ मध्ये 'पॅरासायटॉलॉजी' या नियतकालिकात या न झालेल्या माणसाचा उलगडा केला आणि लेखाचे शीर्षक मृत्युलेखासारखे ठेवले: डॉ. ओ. उप्लाविची, १८८७–१९३८. आजच्या नियमांप्रमाणे परभाषेतल्या लेखाचे शीर्षक इंग्रजीत भाषांतर करून चौकटी कंसात घालावे लागते आणि संदर्भाच्या शेवटी मूळ भाषा सांगावी लागते. मराठी ग्रंथाचा हवाला इंग्रजी नियतकालिकात देणाऱ्यालाही हेच करावे लागते. हा नियम निरर्थक वाटणाऱ्याने उप्लाविचींचे एक्कावन्न वर्षांचे आयुष्य आठवावे. ज्या कोणी मूळ चेक निबंध हातात घेतला असता, त्याला पहिल्याच पानावर खरा लेखक दिसला असता. तो घेतला गेला नाही, गोषवाऱ्यावरून नाव उचलले गेले आणि नंतर एकाच्या सूचीवरून दुसऱ्याने नक्कल केली.

नक्कल किती चालते याचा अंदाज मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास एका चतुर मार्गाने बांधला. त्यांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे ४,३०१ संदर्भ तपासले. त्यांत १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा वर्ष चुकलेले होते, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ निघाल्या, आणि पृष्ठक्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी केलेली होती. अठ्ठ्याहत्तर माणसे स्वतंत्रपणे मूळ निबंध पाहतात आणि तेच एक पृष्ठ तसेच चुकवतात, हे संभवत नाही; परीक्षेत दोन विद्यार्थ्यांचे चुकलेले उत्तर तंतोतंत जुळावे आणि परीक्षकाने काय ते ओळखावे, तसेच हे आहे. मूळ निबंध प्रत्यक्ष वाचणारे उद्धरणकर्ते सुमारे पाचांत एक असावेत असा त्यांचा हिशेब होता. या आकड्यावर मतभेद होऊ शकतात, पण मुद्रणदोषाने चोरी उघडी पाडली हे नाकारता येत नाही.

याहून विलक्षण म्हणजे जो निबंधच अस्तित्वात नाही त्याचे संदर्भ. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या मार्गदर्शिकेत संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' असा एक काल्पनिक नमुना छापलेला होता. तीन लेखक, २००० हे वर्ष, खंड, पृष्ठे, सगळे यथासांग होते. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना तो निबंध कोठेच सापडेना, आणि शोध घेता असे दिसले की जवळपास ४०० निबंधांच्या सूच्यांत, त्यांतही प्रामुख्याने परिषदांच्या संग्रहांत, तो मानाने विराजमान होता. साच्यात लिहिताना नमुन्याची ओळ पुसायची राहिली असेल किंवा ती खरीच मानली गेली असेल. कसेही असले तरी लेखक, समीक्षक आणि संपादक या तिघांच्याही नजरेखालून ती सुटली.

एके काळी व्यवस्थित लिहिलेली सूची ही लेखकाच्या काळजीपूर्वक कामाची बऱ्यापैकी खात्रीची खूण होती, कारण ती तशी लिहायला कष्ट पडत. भाषिक प्रारूपांवर चालणाऱ्या यंत्रांनी ही खूण निकामी केली आहे. 'चॅटजीपीटी'च्या जुन्या आवृत्तीकडून वैद्यकीय विषयांवर लिहून घेतलेल्या मजकुरातले ११५ संदर्भ २०२३ मध्ये 'क्युरियस' या नियतकालिकातल्या एका अभ्यासात तपासले गेले, तेव्हा ४७ टक्के पूर्णपणे बनावट निघाले, ४६ टक्के खऱ्या निबंधांचे पण चुकीच्या तपशिलांचे होते आणि फक्त ७ टक्के खरे आणि अचूक होते. यांतले विरामचिन्ह शोधूनही चुकलेले सापडत नाही, आडनावे त्या विषयातल्या प्रसिद्ध संशोधकांची असतात, नियतकालिकाचे नावही पटण्यासारखे असते. उघडे पडते ते वर्ष आणि खंड यांचा मेळ बसत नाही तेव्हा, किंवा दिलेला डीओआय भलत्याच निबंधाकडे नेतो तेव्हा. वर सांगितलेला कंसातला अंक आणि पृष्ठ येथे पुन्हा कामी येतात. संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही आता, यंत्राने निर्माण केलेला मजकूर मूलस्रोत म्हणून उद्धृत करणे मान्य नाही, असे आपल्या शिफारशींत घातले आहे. मूळ निबंध उपलब्ध असताना आढावालेखाचा आधार देऊ नये, खासगी बोलण्यातून कळलेली गोष्ट सूचीत घालू नये, आणि मागे घेतलेला निबंध, तो मागे घेतल्याचेच सांगायचे नसेल तर, उद्धृत करू नये, हे तिचे सल्ले त्याहून जुने आहेत.

मागे घेतलेल्या निबंधांची अडचण अशी की त्यांचा पत्ता तसाच राहतो. गोवराच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, १२ मुलांवर आधारलेला १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, तरी जुन्या छापील अंकात तो जसा होता तसाच आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये आधीच साठवून ठेवलेल्या नोंदीवर तो मागे घेतल्याचा शिक्का आपोआप उमटेलच असे नाही. म्हणून हस्तलिखित पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये पुन्हा पाहावा, असे जाणते संपादक सांगतात. कंटाळवाणे असले तरी चाळीस संदर्भांना ते एका संध्याकाळचे काम आहे.

या सगळ्या तपासण्या पार करूनही संदर्भ खोटा ठरू शकतो. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या ३०२ व्या खंडात, १२३ व्या पृष्ठावर, जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूजन्य वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत, आधी व्यसन नसताना व्यसन जडल्याची बऱ्यापैकी नोंदलेली चारच उदाहरणे सापडली, एवढेच त्यात म्हटले होते. हे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या पाठदुखीच्या रुग्णाविषयी पत्रात एक शब्दही नव्हता. पुढे अमेरिकेत दीर्घकालीन दुखण्यांवर अशा गोळ्या मुक्तपणे लिहून दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या व्यसनकारक नसल्याच्या विधानामागे, कंसातल्या आकड्यात, हेच पत्र उभे केले गेले. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात दाखवून दिले की या पत्राचे ६०८ हवाले दिले गेले होते, त्यांतल्या ४३९ जणांनी ते व्यसन विरळा असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि ४९१ जणांनी रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. मूळ मजकूर पाच वाक्यांचा असल्यामुळे वाचायला वेळ नव्हता, ही सबबही येथे चालत नाही.

ते पत्र मागे घेतले गेलेले नाही, कारण त्यात मागे घेण्यासारखे काही नव्हते. संशोधकांनी जे पाहिले तेच लिहिले होते. संपादकांनी केले ते इतकेच की नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्या पत्राला एक टीप जोडली: अफूजन्य औषधांचे व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून हे पत्र फार वेळा आणि चिकित्सा न करता उद्धृत केले गेले आहे, याची सार्वजनिक आरोग्यासाठी वाचकांनी जाणीव ठेवावी. ३०२ वा खंड, दुसरा अंक, १२३ वे पृष्ठ या पत्त्यावर जाणाऱ्याला आता पाच वाक्यांच्या जोडीला ही टीपही वाचायला मिळते.